चूक आणि नासधूस : सामाईक ज्ञानकोशापुढील एक प्रश्न



चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव अहमदनगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे. तेथे ३१ मे २०२३ रोजी जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली, मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तीस मान्यता दिली आणि केंद्राच्या संमतीनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव अधिकृत झाले. नामांतराच्या गुणदोषांची चर्चा हा आजचा विषय नव्हे. परंतु या नामांतराच्या निमित्ताने ज्ञानव्यवहारातील एक जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे येतो आणि त्याचा विचार लोकशाही समाजवादावर निष्ठा ठेवणाऱ्यांनी अवश्य करावयास हवा.

विकिपीडिया या नावाचा ज्ञानकोश आज शाळकरी मुलापासून न्यायालयातील वकिलापर्यंत सर्वजण वापरतात. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो वाचणाऱ्या कोणासही त्यातील बहुतेक लेख बदलता येतात. समजा, या कोशातील नगर शहराविषयीचा लेख चार निरनिराळ्या माणसांनी उघडला. पहिल्याने नवे अधिकृत नाव शासकीय निर्णयाच्या तारखेसह नोंदविले. दुसऱ्याने लेखात जेथे जेथे ‘अहमदनगर’ हा शब्द होता तेथे तेथे ‘अहिल्यानगर’ असा बदल केला. परिणामी मलिक अहमद निजामशहाने १४९४ साली ‘अहिल्यानगर’ वसविले, असे विधान तयार झाले. अहिल्याबाईंचा जन्म तर १७२५ सालचा. १९४७ साली स्थापन झालेल्या अहमदनगर महाविद्यालयाचे नावही त्या ओघात बदलून गेले. तिसऱ्याने निजामशाहीचा सारा इतिहासच काढून टाकला. कारण तो या शहराच्या लौकिकास शोभत नाही असे त्याचे प्रामाणिक मत होते. चौथ्याने काहीच काढले नाही. त्याने केवळ १४९४ चे १५९४ केले आणि तो निघून गेला.

या चौघांत नासधूस करणारा कोण? वरवर पाहणारा दुसऱ्याकडे बोट दाखवील, कारण त्याने लेखाची दैना केली आहे. परंतु त्याच्या मनात लेख अद्ययावत करावा एवढाच हेतू होता. ज्याने हेतुतः खोटे घुसविले तो चौथा. आणि त्याचे कृत्य हात चुकून पडलेल्या आकड्यासारखे दिसते. म्हणजे नुकसान जेथे मोठे दिसते तेथे हेतू शुद्ध असू शकतो आणि नुकसान जेथे नजरेसही येत नाही तेथे हेतू दुष्ट असू शकतो. बाह्य नुकसानीवरून हेतूचा अंदाज बांधणे किती फसवे आहे, हे या साध्या उदाहरणावरून ध्यानात यावे.

विकिपीडियाचा आरंभ १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीतून झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. मराठीस कोशवाङ्मयाची थोर परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस विभाग सिद्धीस नेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रकाशित झाला. या दोन्ही कार्यांत अनेकांचे हात होते. परंतु मजकुराची पारख छापण्यापूर्वी होत असे. विकिपीडियात हा क्रम उलटा आहे. तेथे मजकूर आधी प्रसिद्ध होतो आणि पारख मागाहून होते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर लेखनाचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला आहे आणि सारा भार पारखीवर टाकला आहे. म्हणून पारख कोण करतो, कशी करतो आणि पारख करताना माणसाशी कसा वागतो, यावर या कोशाचे भवितव्य अवलंबून आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तज्ज्ञांनी लिहिलेल्या कोशात चुका नसतात आणि लोकांनी लिहिलेल्या कोशात त्या पदोपदी असतात, असे अनेकांस वाटते. २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा विकिपीडियात १६२ आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात १२३ लहानमोठ्या चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या पाहणीच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला, हेही सांगितले पाहिजे. तथापि तज्ज्ञांचा कोशही निर्दोष नसतो, एवढे त्यातून निश्चित दिसले. चूक हा ज्ञानव्यवहाराचा नित्य भाग आहे. ती वगळून ज्ञान निर्माण करण्याची रीत अद्याप कोणास सापडलेली नाही. प्रश्न उरतो तो चुकीशी आणि चुकणाऱ्याशी कसे वागावे याचा.

हा प्रश्न या जिल्ह्यास अपरिचित नाही. ज्ञानेश्वरी प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, सिद्ध झाली. पुढे तीन शतके तिच्या नकला हातांनी होत राहिल्या. नकलकार हा यंत्र नव्हता. तो भाविक होता, वाचक होता. जुना शब्द कळला नाही तर त्याने ओळखीचा शब्द घातला असेल, ओळ तुटकी वाटली तर ती पुरी केली असेल, क्वचित स्वतःची ओवीही जोडली असेल. यांपैकी ग्रंथाचा घात करावा असा हेतू किती जणांचा असेल? बहुतेकांचा भाव सेवेचाच होता. तरीही पाठ बिघडला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, पैठणच्या एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी त्यात घालू नये, असा कडक इशारा दिला.

नाथांच्या या कार्यातून दोन बोध घेण्याजोगे आहेत. सद्‌हेतूने केलेला बिघाड हाही बिघाडच असतो आणि तो दुरुस्त केलाच पाहिजे, हा पहिला. भाविक नकलकाराची भीड धरून त्यांनी अशुद्ध पाठ राहू दिला नाही. दुसरा बोध असा की, त्यांनी पाठाचा शोध घेतला, नकलकारांचा पाठलाग केला नाही. दुरुस्ती ग्रंथाची झाली आणि इशारा भविष्यासाठी दिला गेला. ग्रंथाविषयीचा निर्णय आणि माणसाविषयीचा निर्णय हे दोन निर्णय वेगळे आहेत, हे तत्त्व त्यात अनुस्यूत आहे.

विकिपीडियाच्या अनुभवी संपादकांनीही कालांतराने हेच तत्त्व स्वीकारले. मराठी विकिपीडियावर नासधुशीस ‘उत्पात’ असा शब्द रूढ आहे. कोशाच्या विश्वासार्हतेस हानी पोहोचावी या हेतूने, जाणूनबुजून केलेला बदल म्हणजे उत्पात. लेखनाच्या नियमांचे अज्ञान, चुकीची माहिती खरी समजून लिहिणे, एकांगी लिहिणे, हट्टाने आपलेच म्हणणे पुढे रेटणे, यांतील कोणतीही गोष्ट केवळ तेवढ्यावरून उत्पात ठरत नाही. मग ती कितीही त्रासदायक असो. समोरचा माणूस भले करावयास आला आहे असे गृहीत धरून चालावे, हा तेथील एक पायाभूत संकेत आहे. उघड उत्पात असेल तर ‘द्रुतमाघार’ या सोयीने एका कळीत, कारण न सांगता, जुना पाठ परत आणता येतो. इतर बदल परतवावयाचे तर कारण लिहावे लागते. कारण सांगण्याची ही जबाबदारी वाटते तितकी किरकोळ नाही. सत्ताधारी आणि नागरिक यांच्यातील साऱ्या भांडणाचे मूळ पुष्कळदा याच ठिकाणी असते.

२०१५ साली विकिमीडिया प्रतिष्ठानाने बदलांची छाननी करण्यासाठी एक यंत्रप्रणाली पुढे आणली. तिची रचना उद्‌बोधक आहे. बदल चांगला की वाईट असा एकच प्रश्न ती विचारीत नाही. या बदलाने लेखाचे नुकसान झाले आहे काय, हा तिचा एक प्रश्न. आणि हा बदल सद्‌भावाने केलेला दिसतो काय, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे निरनिराळी दिली जातात. नुकसान झाले आहे पण भावना चांगली दिसते, अशा बदलांचा गठ्ठा वेगळा काढता येतो, आणि तेथे शिक्षकाची गरज असते, पहारेकऱ्याची नव्हे. यंत्रास हेतू कळत नाही, हे उघडच आहे. ते पूर्वी माणसांनी दिलेल्या निर्णयांवरून अंदाज बांधते. परंतु प्रश्नांची अशी फोड करण्यात जे शहाणपण आहे ते माणसांचे आहे.

हे शहाणपण येण्यापूर्वी बरेच नुकसान होऊन गेले होते. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ साली कळसास पोहोचली आणि मग अनेक वर्षे घटत गेली. अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने २०१३ साली या घसरणीची चिकित्सा केली. नवागतांची प्रत घसरली होती असे त्यांना आढळले नाही. सद्‌भावाने आलेल्या नवागतांचे लेखन खोडले जाण्याचे प्रमाण मात्र वाढले होते. उत्पात रोखण्यासाठी उभारलेली यंत्रे आणि नियम होतकरू माणसांसही त्याच कठोरपणे सामोरे जात होती. आणि पहिलेच काम निष्ठुरपणे खोडले गेलेला माणूस सहसा परत येत नव्हता. चोरापासून धान्य वाचवावे म्हणून कोठाराला एवढी कुलपे लावली की पेरणारेच दारातून परत फिरले, असा हा प्रकार झाला.

येथे हिशेब नीट मांडला पाहिजे. पारखणाऱ्याकडून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. प्रामाणिक माणसास उपद्रवी ठरविणे ही एक आणि उपद्रवी माणसास प्रामाणिक समजणे ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी शून्यावर आणणे शक्य नाही. एक कमी करू जावे तर दुसरी वाढते. मग कोणती अधिक महाग पडते, हे पाहणे ओघानेच येते. विकिपीडियात प्रत्येक लेखाचा संपूर्ण इतिहास जतन केलेला असतो. बिघडलेला पाठ क्षणात परत आणता येतो. दुखावून गेलेला माणूस तसा परत आणता येत नाही. म्हणून शंकेचा फायदा माणसास द्यावा, हे धोरण केवळ सौजन्याचे नाही, ते काटकसरीचेही आहे. इंग्रजी विकिपीडियावर २०१० पासून काम करणाऱ्या एका प्रसिद्ध उत्पातरोधक यंत्रात निर्दोष बदल चुकून खोडले जाण्याची कमाल मर्यादा माणसांनी आधीच ठरवून दिलेली असते आणि त्या मर्यादेत जेवढा उत्पात पकडता येईल तेवढाच यंत्राने पकडावयाचा असतो. काही उत्पात निसटेल हे मान्य करून निरपराधाचे रक्षण करण्याची ही रीत कोणत्याही न्यायव्यवस्थेस भूषणावह ठरावी.

नगर जिल्ह्याच्या सहकारी चळवळीत हाच प्रश्न वेगळ्या वेषात वावरत आला आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ साली झाला. त्याही आधीपासून या अवर्षणग्रस्त मुलखातील पतपेढ्यांना दरवर्षी एक कोडे सोडवावे लागे. कर्ज थकले आहे. पण ते पाऊस न पडल्यामुळे थकले की ऋणकोच्या मनातच फेडावयाचे नाही? वहीतील आकडा दोघांचा सारखाच. पहिल्यास मुदत वाढवून दिली पाहिजे आणि दुसऱ्यावर वसुलीची कारवाई झाली पाहिजे. दोघांस एकच न्याय लावणारी पेढी एक तर गरिबास चिरडते नाही तर लबाडाकडून बुडते. हेतुपुरस्सर थकबाकीदारांची माहिती निराळी जमविण्याची व्यवस्था रिझर्व्ह बँकेने १९९९ साली सुरू केली. त्यांत हेतू ओळखावयाचा तो अंतर्ज्ञानाने नव्हे. ऐपत असून दिले नाही काय, पैसा दुसरीकडे वळविला काय, तारण परस्पर विकले काय, अशा वर्तनाच्या खुणांवरून. आणि असा शिक्का मारण्यापूर्वी ऋणकोस समितीचा निर्णय कळविला पाहिजे व लेखी म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले.

ज्ञानकोशातही हेतू वर्तनावरूनच ओळखावा लागतो, आणि त्याच्या खुणा आहेत. बदलाची दिशा ही पहिली खूण. चुकणारा माणूस लेखास काही देऊ पाहतो. त्याची भर वाकडी असेल, पण ती विषयाशी संबंधित असते. नासधूस करणाऱ्यास विषयाशी कर्तव्य नसते. त्याच माणसाचे इतर काम ही दुसरी खूण. एका लेखात आकडा चुकला आणि दहा लेखांत नीट भर घातली, तर ती चूक; दहाही लेखांत पुरावा न देता आकडेच बदलले असतील, तर संशयास जागा आहे. वरच्या उदाहरणातील चौथा इसम पकडला जाईल तो याच वाटेने. एकट्या १५९४ वरून तो कधीच ओळखता येणार नाही. तिसरी आणि सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे सांगितल्यानंतरचे वर्तन. ‘इतिहासकालीन विधानात त्या काळचे नाव ठेवावे लागते’ असे दुसऱ्या इसमास कोणी समजावले, तर तो बहुधा ऐकेल, निदान वाद तरी घालील. उपद्रवी माणूस उत्तरच देत नाही, किंवा नाव बदलून पुन्हा तेच करतो. यावरून निघणारा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. न सांगता हेतू ओळखता येत नाही. म्हणून सांगणे ही पारखण्यापूर्वीची औपचारिकता नव्हे, पारखण्याचे साधनच ते आहे.

सामाईक संपत्तीच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाटपाणी, कुरणे, जंगले शतकानुशतके सांभाळणाऱ्या गावांचे नियम तपासून त्यांनी १९९० च्या ग्रंथात दाखविले की, टिकलेल्या व्यवस्थांमध्ये शिक्षा पायरीपायरीने वाढत जाते. पहिल्या चुकीस नाममात्र दंड, मग जरब, आणि अखेरीस बहिष्कार. पहिला दंड हलका असतो, कारण पहिली चूक अडचणीतून किंवा अज्ञानातून घडलेली असण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि पाण्याचा ताळेबंद यांच्या बळावर आपले शिवार सावरले, तेही गावाने मिळून केलेल्या नियमांमुळे आणि ते नियम प्रत्येकास ठाऊक असल्यामुळे. विकिपीडियावरील चढत्या क्रमाचे इशारे त्याच जातीचे आहेत.

एवढ्यावर थांबले तर चित्र एकांगी होईल. सद्‌हेतू हा परवाना नव्हे. २००५ साली अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगनथेलर यांच्याविषयीच्या लेखात केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचे नाव जोडणारा धादांत खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. तो लिहिणाऱ्याने पुढे ही थट्टा असल्याचे सांगितले. जिवंत माणसाच्या अब्रूची हानी लेखाच्या इतिहासातील जुना पाठ परत आणल्याने भरून निघत नाही. औषधाच्या मात्रेविषयीची चूक, दंगलीच्या दिवसांतील अफवा यांचेही तसेच आहे. अशा ठिकाणी पाठ तत्काळ मागे घेतलाच पाहिजे. हेतूची चौकशी मागाहून शांतपणे करता येईल. पाठाविषयी कठोर आणि माणसाविषयी सावध, हा नियम येथेही मोडत नाही. फक्त त्याचा पहिला अर्धा भाग अधिक तातडीने अमलात येतो.

तिसऱ्या इसमाची गोष्ट आणखी निराळी आहे. निजामशाहीचा इतिहास पुसणारा चुकलेला नाही आणि खोडसाळही नाही. त्याची एक श्रद्धा आहे. समाजात अशी माणसे सर्व बाजूंनी आहेत आणि सामाईक ज्ञानाची सर्वाधिक झीज कदाचित त्यांच्याच हातून होते. त्यांस उपद्रवी म्हणून हाकलणे सोपे असते. परंतु मतभेदास उत्पात म्हणण्याची सवय एकदा जडली की ती थांबत नाही; उद्या तोच शब्द तिसऱ्याच्या हाती लागतो आणि पुरावा देणाऱ्यावर उलटतो. श्रद्धेस उत्तर पुराव्याने, चर्चापानावर, सर्वांदेखत दिले पाहिजे. जो पुरावाच मानीत नाही आणि पुन्हा पुन्हा पुसतो, त्याला मग नियमभंगाबद्दल थांबवावे, श्रद्धेबद्दल नव्हे.

शासनाच्या हस्तक्षेपाचा विचार याच संदर्भात व्हावयास हवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर इंग्रजी विकिपीडियावरील छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या लेखातील काही मजकुरावरून क्षोभ उसळला. मुख्यमंत्र्यांनी सायबर पोलिसांना लक्ष घालण्यास सांगितले, महाराष्ट्र सायबर विभागाने मजकूर काढण्याविषयी विकिमीडिया प्रतिष्ठानास नोटीस दिली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हा नोंदविण्यात आला. संभाजी महाराजांविषयी महाराष्ट्राच्या मनात असलेला आदर निर्विवाद आहे आणि त्यांच्यावर झालेल्या अन्यायकारक लेखनाचा समाचार मराठी इतिहाससंशोधकांनी पूर्वीच साधार घेतलेला आहे. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची अनेक वर्षे त्यासाठी वेचली आणि १९६० साली महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. मलिन केलेली प्रतिमा उजळण्याचा मार्ग तो होता: कागद शोधणे, ताडून पाहणे, लिहिणे. ग्रंथांचे आधार देऊन लिहिलेला मजकूर चूक असू शकतो, एकांगी असू शकतो, कालबाह्य असू शकतो. त्यास अधिक चांगल्या आधारांनी हटविता येते. पोलिसांची नोटीस मात्र चूक, मत आणि नासधूस यांत भेद करू शकत नाही. तिला एकच मोजमाप ठाऊक असते, ते म्हणजे क्षोभ. आणि गुन्हा नोंदला जाण्याची धास्ती उपद्रव्यास फारशी वाटत नाही, कारण तो नाव लपवूनच येतो. ती वाटते स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्या अभ्यासकास.

या साऱ्याची झळ कोणास लागते, हा समाजवाद्यांनी विचारावयाचा शेवटचा प्रश्न. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. परंतु देशी वाणांचे बियाणे त्यांनी जतन केले आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचा गौरव झाला. आता त्याच डोंगराळ भागातील एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या आजीकडून ऐकलेल्या भाताच्या वाणांची नावे मराठी विकिपीडियावर लिहिली, असे समजा. तिची भाषा बोलीकडे झुकलेली असेल, भ्रमणध्वनीवर टंकताना ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल आणि छापील संदर्भ तर नसेलच, कारण त्या वाणांविषयी कोणी पुस्तकच लिहिलेले नाही. पारखणाऱ्याच्या नजरेस ते लेखन उत्पातासारखे दिसेल. पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांशेजारी राहणाऱ्याच्या चुकीस ‘अनवधान’ म्हणावयाचे आणि हिच्या चुकीस ‘उपद्रव’, असे घडले तर शिक्षणाने जी उतरंड मोडावयाची तीच नव्या ज्ञानकोशात मांडली जाईल. संदर्भाचा नियम योग्यच आहे. त्यावाचून कोश टिकणार नाही. परंतु नियम सांगताना ‘तुझे लेखन काढले आहे’ एवढेच न सांगता, ते कोठे नोंदवून ठेवता येईल आणि कसा आधार उभा करता येईल, हेही सांगितले पाहिजे. गावोगावच्या महाविद्यालयांनी अशा मौखिक ज्ञानाची नोंद करून ती छापली, तर उद्या तोच संदर्भ होईल.

अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ तेथेच १९४४ साली लिहिला. मौलाना आझाद, गोविंदवल्लभ पंत, असफ अली आणि समाजवादी चळवळीचे आचार्य नरेंद्र देव या सोबत्यांच्या विद्वत्तेचा व चर्चेचा आपणांस लाभ झाला, असे नेहरूंनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. त्या चौघांची मते एक नव्हती. अभ्यासाचे विषय वेगळे, धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. तरी एकमेकांच्या सद्‌भावाविषयी शंका नसल्यामुळे ते एकमेकांची चूक दाखवू शकत होते.

मराठी विकिपीडियाचे काम आज मोजक्या स्वयंसेवकांच्या खांद्यावर आहे. त्यांनीच लिहावयाचे, त्यांनीच पारखावयाचे आणि त्यांनीच शिकवावयाचे, हे फार दिवस चालणार नाही. या जिल्ह्यातील महाविद्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालये यांनी आपल्या परिसराविषयीच्या लेखांची जबाबदारी वाटून घ्यावी. ‘अलीकडील बदल’ हे पान आठवड्यातून एक तास उघडून बसणारे दहा तरुण प्रत्येक तालुक्यात उभे राहावेत. त्यांनी बिघडलेला पाठ विनाविलंब दुरुस्त करावा. आणि ज्याच्या हातून तो बिघडला त्यास, नासधुशीचा पुरावा हाती येईपर्यंत, दोन ओळींचे पत्र लिहावे: काय बदलले, का बदलले आणि पुढच्या वेळी काय करावे. शेताच्या बांधावर पोलीस उभा करण्यापेक्षा हे काम कष्टाचे आहे, पण शेत सामाईक ठेवावयाचे तर ते टाळता येणार नाही.